दोन-दोनचं माप

—आकडू नगंस, बाई. हात असा आकडून धरलास तर मी काय करू? सैल सोड. झोपेत कसा पडतो हात, तसा सोड माज्या हातात. हां, आता कसं. बांगड्या भरायच्या म्हंजे निम्मं काम माजं आन् निम्मं तुजं असतंय. अंगठा लय ताठ हाय गं तुजा. हात बघितला तर एवढासा, दोन-दोनच्या मापाचा, आन् अंगठा मातर गडीमाणसाचा — दाबला तरी आत जाईना. आमच्या शाहनवाजचाबी असलाच हाय. शाहनवाज म्हंजे माजा लेक. लहानपणी त्येचा अंगठा आत दाबून मी गंमत म्हणून बांगडी घालायची, आन् मंग ती निघायची न्हाई म्हणून त्यो रडायचा. साबणाचं पाणी लावते, थांब.

बाहेर किती येळ उभी हुतीस? पाच-धा मिंटं तरी पाटी वाचत हुतीस. म्हणलं, बाईला नंबर लागला का काय डोळ्याला. आन् आत आलीस ती हेच इच्यारत — मालक हायेत का म्हणून. मालक न्हाईत, बाई. पाटीवर हाय त्येच त्येंचं नाव, तू वाचलंसच — मी काय त्ये तोंडानं घेत न्हाई, लगीन होऊन आले त्या दिसापासनं घेतलेलं न्हाई. शाहनवाजचे अब्बा म्हणते. ते गेले. आता चार वर्सं झाली की. करोनाची दुसरी लाट आली तवा. सांगलीला दवाखान्यात नेलं, तितनं काय माघारी आलेच न्हाईत, फोन, घड्याळ, चष्मा — कायसुदीक आलं न्हाई. सांगलीतच पुरलं, मातीला चारच माणसं. सगळीकडं तसंच चाललेलं तवा, कुणी कुणाला सांगायचं आन् कुणी—

अगं अगं अगं. बघ, वाढली. दोन तुकडं झालं. फुटली म्हणायचं न्हाई बांगडीला, वाढली म्हणायचं. लागलं का? दाखव. न्हाई, नुसता ओरखडा हाय. अचानक एवढा हात वडलास — काय झालं? आन् किती गार पडलाय. यस्टीत काय खाल्लंस का न्हाई? म्हसवडपासनं दोन-अडीच तास लागत्यात. पाणी पी. तांब्या हाय बघ तुज्या मागं. पी. बस जरा. घाई न्हाई मला, दुपारचं कोण येत न्हाई.

दोन डझन म्हणालीस न्हवं? एक तुला, एक आईला. तुला भरते, आईचं मातर अवघड हाय. हात बघितल्याबिगर मी आता बांगडी देत न्हाई कुणाला. आदी द्यायची, लय दिली, आता दोन महिनं झालं सोडलं. आईला घिऊन यायचं हुतंस. गुडघं? मंग ऱ्हायलं. बरं, दोन-दोनच म्हणतीस न्हवं, नक्की? तुज्याएवढाच हात? तू पोरगी लांबनं आलीस म्हणून देते. हे बघ, हिरव्या, बारीक सोनेरी टिपका हाय वर. बांधून ठेवते पुडकं, हितं बाजूला. जाताना ने.

तूबी त्यो व्हिडिओ बघूनच आलीस, व्हय का न्हाई? लाजायचं काय त्यात? जी बाई येती ती आदी माज्या हाताकडं बघती. हेच का त्ये हात, म्हणती. आन् फोन काढती. परवा तासगावच्या दोन पोरी आल्या, बांगडी एक घेतली न्हाई, नुसतं माजं हात धरून फोटो काढलं आन् गेल्या. माज्या तोंडाचा काढा म्हणलं, तर म्हणत्यात, मावशी, तोंड कुटं हाय व्हिडिओत.

तेच सांगते. व्हिडिओ जिचा, ती उत्कर्षा आपल्या विट्याचीच. म्हंजे आजा हितला. बापानं मदुराईला सोनं गाळायचं दुकान घातलं — विट्याची निम्मी माणसं देशभर हेच करत बसल्यात — आन् पोरगी तिकडंच वाढली. मराठी बोलती, पर मधीच सूर असा वर जातो. आता मुंबईला असती. मोठी गायिका झालीया, तिचं गाणं आलं की पोरं येडी हुत्यात. तर तिच्या मनात आलं, नव्या गाण्याचा व्हिडिओ जुन्या काळातला करायचा, आन् आजाच्या मुलखात करायचा. जुना म्हंजे केवढा, तर तीस-पस्तीस वर्सांचा. म्हणलं, बाई, त्ये जुनं व्हय? त्या साली घेतलेलं पातेलं मी अजून चुलीवर ठेवते. गाण्याचं नाव ‘बारा काकणं’. मंग बांगडीवाली पायजे. मंग पप्पू मंडपवाला धावत आला माज्याकडं. त्येच्याकडंच सगळं हितलं बघायचं काम हुतं. म्हणला, जरिनामावशी, तुमीच चला. खरी बांगडीवाली पायजे त्येस्नी.

मी न्हाई म्हणलं. खरंच म्हणलं, एकदा. दुसऱ्यांदा इच्यारलं तवा व्हय म्हणलं.

तासगावात बेदाण्याचं शेड मोकळं पडलेलं, हंगाम न्हवता, तितं सगळं उभं केलेलं. काय काय करत हुती ती माणसं, तुला सांगते. नवा कोरा पत्रा आणला आन् त्येला रंग मारून गंजका केला. भिताडावर च्याचं पाणी शिपडलं, जुनं डाग दिसावंत म्हणून. म्हणलं, माज्या घरी या की, फुकट डाग दावते. मला म्हणत्यात, मावशी, बांगड्या जरा जुन्या दिसतील असं कायतरी करा. आता काच कशी जुनी करू मी? पर उत्कर्षा चांगली वागली. खोटं का सांगू. माज्याजवळ जमिनीवर बसली, जेवली, मावशी मावशी करत हुती. म्हणली, तुमचा चेहरा लय बोलका हाय, तुमीच माज्या व्हिडिओची सुरुवात. असंच म्हणली. चार माणसांदेखत.

दुसरा हात दे. हां.

तितं एक फोटो स्टुडिओ केलेला, जुन्या पद्धतीचा. पडद्यावर महाल, त्येच्या पुढं कारंजं, एक लाकडी खुर्ची. आन् एका भितीवर फोटोच फोटो — साठ-सत्तर तरी असतील. लग्नाचं, बारशाचं, मिल्ट्रीतल्या पोरांचं, टोपी घालून बसलेल्या म्हाताऱ्यांचं. तुमच्या म्हसवडातला कुठला जुना स्टुडिओ बंद पडला, तितल्या कपाटात लावलेलं फोटो पप्पूनं पोतं भरून आणलेलं. त्या भितीच्या पुढं माजी बैठक. माजी पाठ भितीला, उत्कर्षा माज्या समोर, हात माज्या हातात. मी बांगड्या भरायच्या, तिनं गायचं. एकोणीस डाव भरल्या मी त्या पोरीला आन् एकोणीस डाव काढल्या. हात सुजला बिचारीचा.

आन् एक झालं. त्यो दिग्दर्शक म्हणतो, मावशींचं हात मोकळं का? बांगडीवाल्या बाईच्या हातात बांगड्या नकोत का, बरं दिसत न्हाई क्यामेऱ्यात. पप्पू खाली बघाय लागला. मीच म्हणलं, बाबा, मालक गेल्यापासनं मी घालत न्हाई. ते गेले त्याच दिशी उतरवल्या. मौलवीसाब म्हणत्यात, धर्मात तसं काय न्हाई, चार महिनं धा दिस पाळलं की झालं, घाला. पर आमच्याकडं रीत हाय. आन् रीत ऱ्हाऊ दे, माजंच मन न्हवतं. दिवसभर शंभर हात भरायचं आन् आपलं मोकळं, त्येची सवय हुती. मंग उत्कर्षा म्हणली, मावशी, एक दिवस. माज्यासाठी. मंग घातल्या. भितीकडं पाठ करून बसले आन् घातल्या, माज्या हातानं, लाल. डोळं मिटून मनात त्येंची माफी मागितली. म्हणलं, एक दिवसाचं हाय, रागवू नगा. एवढं म्हणले मी, आन् माज्या पाठीमागं, माज्या डोस्क्याच्या वर, दोन हातावर—

न्हाई. आदीचं आदी सांगते. न्हाईतर तुला कळायचं न्हाई.

व्हिडिओ आला त्या दिशी शाहनवाजनं मोठा टीव्ही बाहेरच्या खोलीत लावला. गल्लीतली सगळी बोलावली. मी माज्या भणीला शिराळ्याला फोन केला, इस्लामपूरच्या भावजयीला केला, सगळ्यास्नी सांगितलं, सुरुवातीलाच हाय मी. नवा दुपट्टा घेतला डोस्क्यावर, जसं काय मीच टीव्हीतनं त्येस्नी बघणार हुते. लागलं गाणं. आन् बघ — सुरुवातीला उत्कर्षा. मंग यस्टी. मंग उत्कर्षा. मंग सायकल. मंग कुटं दोन हात आलं, काळं, शिरा वर आलेलं, लाल बांगड्या घातलेलं, आन् गेलं. चार सेकंद. संपलं गाणं. शेजारची धोंडुबाई म्हणली, हात मातर वळखू आलं बरं का जरिना. वळखू आलं. मी सगळ्यास्नी च्या दिला, बिस्कुटं दिली. आतल्या आत लय लाजले. पोरीनं माज्या तोंडावर सांगितलेलं, तुमी माजी सुरुवात म्हणून. खोटं बोलायची काय गरज हुती? हात पायजेत म्हणली असती तरी मी दिलंच असतं.

तवा वाटलं, ह्येच्याएवढं फसवणं दुसरं न्हाई. हसू येतं आता.

मंग काय, एकटीनं बघायला लागले. शाहनवाजनं फोनवर थांबवायचं कसं त्ये शिकवलं. बोट ठेवलं की थांबतंय. म्हणलं, तोंड न्हाई तर निदान खांदा, पदराचं टोक, कायतरी असंल. त्या चार सेकंदात मी लय हिंडले, बाई. माजं हात, तिचा हात, मधी बांगडी, आन् माज्या खांद्याच्या वर फोटोंची भित. एक निळ्या चौकटीतला फोटो बरोबर मधी. गडी खुर्चीवर बसलेला, बाई शेजारी उभी. गड्याचा एक हात गुडघ्यावर. बारीक दिसत हुतं, तोंड कळत न्हवतं. मी हसले, म्हणलं ह्यो कोण, आमच्या मालकावानी बसलाय — ते असंच बसायचं, गुडघ्यावर हात, अंगठा असा वर काढून. आन् फोन ठिऊन दिला. भाकरी करायला गेले. तीन भाकरी केल्या. चवथी तव्यावर करपली तरी मी तितंच बसलेली.

मंग तू बघितलंसच असशील काय झालं त्ये. लोकांनी त्यो फोटो उचलून धरला. कोण हायेत ही दोघं, कसली गोड दिसत्यात, किती प्रेम हाय डोळ्यात. उत्कर्षानं आख्खा फोटोच टाकला तिच्या पानावर, मोठा, सोच्छ. खाली लिवलं, असं प्रेम आता ऱ्हायलं न्हाई, माजं गाणं ह्या दोघांसाठी. शाहनवाजच्या बायकोनं वाचून दावलं मला. पोरंपोरी तसंच बसून फोटो काढाय लागली, त्यो खुर्चीवर, ती शेजारी उभी, खुर्चीच्या पाठीवर हात. चाळीस लाख लोकांनी बघितलं म्हणं. माजा लेक रोज सकाळी मला आकडा सांगतो. त्येनं वळखलं न्हाई. त्या फोटोत त्येंना दाढी न्हाई, मिशी हाय आन् केस मागं वळवलेलं. शाहनवाजनं तसा बाप बघितला, पर तवा त्यो सात-आठ वर्सांचा हुता. आन् त्यो फोटो कुटं बघतो, त्यो आकडं बघतो.

तोंडावर मी अजून म्हणले असते, दुसरा कोण असंल. सारखी माणसं असत्यात. मन लय चलाख असतं, बाई, त्येला पटवून घ्यायला येतं. पर त्या बाईचा हात खुर्चीच्या पाठीवर हुता, आन् हातात बांगड्या. किरमिजी. त्येच्यावर रुपेरी नागमोडी रेघ. त्यो माल एकदाच आला फिरोजाबादनं, शाहनवाज दुसरीत हुता त्या साली. सगळा मिळून सा डझन. त्यात दोन-दोनच्या मापाचा डझन एकच. एकच हुता. त्यो मी कुणाला दिला, त्ये मला झोपेत इच्यारलं तरी सांगीन.

त्येंनाच दिला. माज्या हातानं बांधून दिला.

ते बाजार करायचं. मी दुकान बघायची आन् ते बांगड्याचं गाठोडं घिऊन यस्टीनं माणदेशात — दहिवडी, म्हसवड, यात्रा, बाजार, दोन-दोन दिवस तिकडंच. एक दिवस म्हणलं, जरिना, म्हसवडला एक गिऱ्हाईक हाय, हात लय बारीक, दोन-दोन लागतं, तिला कुटं माप मिळत न्हाई बिचारीला. आपल्या भागात बायका कष्टाच्या, हात मोठं, दोन-सहा, दोन-आठ. दोन-दोन कोण ठेवतंय? मला बरं वाटलं गं. धंद्यातल्या माणसाला बारीक माप भरायचं म्हंजे कौतुक असतं. मी निवडून द्यायची. एक-एक बांगडी वाजवून बघायची, चिर असली की बद्द वाजती, ती काढून टाकायची. बाराच्या वर एक जास्तीची घालायची, आमच्यात रीतच हाय वर एक द्यायची, पर मी सगळ्यात चांगली असंल ती वर घालायची. आन् सांगायची, जरिनानं दिली म्हणून सांगा त्यास्नी. पंचवीस वर्सं, बाई. सणाला, उरसाला, यात्रंला. टाळंबंदी लागली तवाबी मी एक डझन बांधून ठेवलेला — म्हणलं, गाड्या सुरू झाल्या की तुमच्या दोन-दोनवालीला न्या. ते हसलं.

हात मी कवाच बघितला न्हाई. माप मातर पाठ.

मला सांग, आमच्यात चालतं म्हणत्यात. दुसरा निकाह करतो माणूस. करत असंल. सांगून करतो की. मला इच्यारायचं तरी — मी भांडले असते, माहेरी गेले असते, चार दिवस जेवले नसते, मंग आले असते. कुटं जाणार? पर मला माहीत असतं. मी ज्या बाईसाठी बांगडी वाजवून बघत हुते ती कोण, एवढं तरी माहीत असतं. आता कुणाला इच्यारू? भांडायचं तरी कुणाशी? फोटोशी? पप्पूला फोन केला, म्हणलं, ती निळी चौकट काढ बाबा व्हिडिओतनं. हसाय लागला. मावशी, आवं, त्याच्यावर तर गाणं चाललंय. का काढू, सांगा. ठेवला फोन. सबंध गावाला माजं हात वळखू येत्यात, आन् त्या हाताच्या मागं काय हाय त्ये एकीलाबी दिसलं न्हाई. एका अर्थी बरंच. चार वर्सं मी मोकळ्या हातानं ऱ्हायले त्येंच्यासाठी. लोक म्हणायचं, किती पाळती जरिना. आन् माज्या मनात यायचं, एवढं तर करायलाच पायजे, त्येंनी मला कवा दुकवलं न्हाई. खरंच न्हाई दुकवलं. कवा हात उगारला न्हाई, कवा उणं बोललं न्हाई. आता कळतंय, एवढी गोडी कशाची हुती. गुन्हेगार माणूस जपून वागतो.

मला एक पोरगी पायजे हुती. हे तुला का सांगते, मला ठावं न्हाई, तोंड लागलं की लागलं. शाहनवाजच्या पाठीवर दोनदा दिवस गेलं आन् दोनदा गेलं तसंच. पहिल्यांदा राह्यलं तवा मी नाव ठेवून टाकलेलं. त्येस्नी सांगितलेलं, पोरगी झाली तर रुक्सार. ते म्हणलं, चांगलं हाय, ठेवू. झाली न्हाई. मंग आमी त्ये नाव पुन्ना काढलंच न्हाई घरात.

अकरा झाल्या. ही बारावी. अंगठा आत — आत घे की गं. हां. आन् ही वरची एक, माज्याकडनं. झालं. बघ कसं भरल्यागत दिसत्यात हात.

रडतीस का? दुकलं का कुटं? न्हाई मंग? माजं ऐकून रडतीस व्हय, खुळे. लोकांचं काय न् काय चालूच असतं. मीबी तुला कशाला सांगत बसले, घरच्यांना सांगितलं न्हाई त्ये, अनोळखी पोरीला. अनोळखी म्हणूनच सांगितलं. तू म्हसवडला जाशील, मी हितं. पूस डोळं. इतका येळ झाला, मी तुला नावसुदीक इच्यारलं न्हाई. काय नाव तुजं?

काय म्हणालीस?

मोठ्यानं सांग.

रुक्सार.

थांब. उठू नगंस. हात इकडं दे. दे म्हणते न्हवं — मी काय करत न्हाई तुला. हा अंगठा... मी मगाशीच बघितला. हात एवढासा, बोटं बारीक, आन् अंगठा असा. बघितला आन् बोलले, आन् तरीबी कळलं न्हाई मला. पिशवीत काय हाय? फोटो? निळ्या चौकटीतला. न्हाई, काढू नगंस, मी बघितलाय. चाळीस लाख लोकांनी बघितलाय. तुमच्या घरात भितीवर हाय त्यो, व्हय? आन् तू पाटी वाचत उभी हुतीस. नाव खरं सांगितलं म्हणायचं तुमाला. वजीरच सांगितलं. गाव?

मिरज. मिरजंचं सांगितलं.

मंग चार वर्सं तुमी मिरजंत धुंडत असाल. फोन लागत न्हाई, माणूस येत न्हाई. टाकून गेला म्हणत असंल तुजी आई. म्हणती? आन् मी मगाशी तुला साबणाचं पाणी लावता लावता सांगितलं, ते गेले म्हणून. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. तू हात वडलास, बांगडी वाढली, आन् मी इच्यारते, यस्टीत खाल्लंस का न्हाई.

मला तुजा राग यायला पायजे. यील. आज न्हाई आला तर उद्या यील, तू गेल्यावर यील. तुज्या आईचा तर येतोच हाय, दोन महिनं झालं तवाचा येतोय, तिला तोंड न्हवतं म्हणून अडला हुता. तिला माहीत हुतं का गं, माजं? जरिनानं दिली म्हणून सांगत हुते का ते, वरच्या बांगडीचं? न्हाई? एकदाबी न्हाई. मंग त्येबी तिला त्येंनीच दिलं असं वाटलं असंल.

माज्या पोरीसाठी ठेवलेलं नाव मातर उचलून दिलं त्येंनी तुला. मला न इच्यारता. मी दडवून ठेवलेलं एकच हुतं.

अजून भरती का ती बांगड्या? वाट बघत असंल तर भरतच असंल. म्हणून तू आलीस न्हवं, एक डझन तिला. हिरव्या.

त्या पुडक्याला हात लावू नगंस. राहू दे हितंच. तुज्या आईला आता बांगड्या लागत न्हाईत. तिला सांग, तिचं माप पाठ असलेली जरिना म्हणली म्हणून. कवा गेले, कुटं पुरलं, त्ये तू सांग, तुला सगळं सांगितलंय मी.

जा आता. साडेचारची म्हसवड गाडी मिळंल.